भांडण सोडवणे हे मुलाचे काम नव्हे

दुकानाला आग लागली तर काय करायचे, हे व्यापारी कुटुंबात ठरलेले असते. विम्याचे कागद कोठे आहेत, तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, मागचे शटर कोणी उघडायचे, हे मुनीमजींपासून नोकरापर्यंत सर्वांना ठाऊक असते. मात्र ज्या घरात पतीचा हात पत्नीवर उठतो, तेथील मुलाने त्या घटकेला कोठे जावे, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते. मग आठ-नऊ वर्षांचा मुलगा आईला वाचवायला मध्ये पडतो आणि फटका त्याला बसतो. धाकटे पलंगाखाली लपते. थोरली मुलगी रात्रभर दाराकडे कान लावून जागी राहते.

‘मूल झोपले होते, त्याला काय कळते?’ अशी मोठ्यांची समजूत असते. परंतु मुलाला कळते. वारंवार पोट दुखणे, अंथरूण ओले होणे, अभ्यासातून लक्ष उडणे, आवाज चढताच दचकणे, यांतून ते पुष्कळदा व्यक्त होते.

अशा मुलासाठी सुरक्षेची आखणी आधीच करून ठेवावी लागते. भांडण थांबवणे हे त्याचे काम नव्हे, स्वतः सुरक्षित राहणे हेच त्याचे काम, आणि घडते त्यात त्याचा दोष नाही, हे आईने शांत वेळी त्याला स्पष्ट सांगावे. मग जागा ठरवावी. स्वयंपाकघरात सुरी आणि विस्तव असतो, स्नानगृहातून निसटायला दुसरी वाट नसते; म्हणून या दोन्ही जागा टाळाव्यात. शेजारच्या काकू किंवा वरच्या मजल्यावरच्या आजी यांना आधी विश्वासात घ्यावे. खुणेचे एखादे साधे वाक्य असावे. आईने ‘दूध आणलेस का?’ असे विचारले, की धाकट्याचा हात धरून निघायचे.

घरचा पत्ता मुलाला पाठ असावा. पोलिसांच्या तातडीच्या मदतीसाठी 112, बालकांसाठी 1098 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांकही त्याला यावेत. मात्र फोन मारणाऱ्यासमोर करू नये, सुरक्षित जागी पोहोचल्यावरच करावा.

लहान मुलाच्या पोटात गोष्ट राहत नाही. आईने घर सोडण्याचे ठरवले असेल, तर तो बेत त्याला सांगू नये आणि रागाच्या भरात बोलूनही दाखवू नये. स्त्री घर सोडू लागते तेव्हा धोका अनेकदा वाढतो. जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेची कागदपत्रे यांच्या प्रती विश्वासू नातलगाकडे ठेवाव्यात.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा मुलांचाही विचार करतो. कलम 18 नुसार दंडाधिकारी हिंसा करणाऱ्यास मुलाच्या शाळेत जाण्यास मनाई करू शकतात, तर कलम 21 नुसार मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात. असा आदेश मिळाल्यास त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि मुलाला शाळेतून कोण नेणार, हेही कळवावे. कलम 4 नुसार अशा हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही देऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

तरीही ‘घरची गोष्ट घरात राहू द्या’ म्हणून आप्त गप्प राहतात. ज्या घरी पाणीही गाळून घेतात, तेथे सुनेचे रडणे मात्र ऐकून न ऐकल्यासारखे केले जाते. सकाळी पती क्षमा मागतो आणि सारे मिटले असे सर्व जण मानतात. पण क्षमा मागितल्याने पुढच्या रात्रीचा धोका टळत नाही, हे मुलाला अनुभवाने माहीत असते.

एकत्र कुटुंबात आजी-आजोबा, काका-काकू याच भिंतींच्या आत राहतात. दुसऱ्या दिवशी मुलाला जवळ घेऊन ‘काल घाबरलास का?’ एवढे त्यांनी विचारावे, आणि ‘रात्री केव्हाही माझे दार वाजव’ असे सांगावे. त्यानंतर ते दार खरोखरच उघडावे.