वजाबाकीची यादी आपली हवी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाह्यरुग्ण विभागांत गुटख्यामुळे तोंड नीट उघडत नसलेले रुग्ण नेहमी येतात. त्यांतील काहींना पुढे कर्करोग होतो. गाठीतील जनुके तपासून काही कर्करोगांत औषध निवडता येते. मात्र एका नमुन्यातून कोट्यवधी अक्षरांची माहिती निघते. ती साठवायला आणि तिचा अर्थ लावायला सॉफ्टवेअरच लागते.

या सॉफ्टवेअरचे एक महत्त्वाचे काम वजाबाकीचे असते. प्रत्येकाच्या जनुकांत जन्मजात फरक असतात. ते वगळल्यावर उरतात ते गाठीत नव्याने झालेले बदल. काय वगळायचे, हे साठवलेल्या याद्यांवरून ठरते. या याद्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा आहे. आपल्याकडचा जन्मजात फरक यादीत नसेल, तर तो चुकून कर्करोगाच्या खाती जमा होतो.

खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेतील शास्त्रज्ञांनी यावर काम केले. ६२ भारतीय कर्करुग्णांच्या निरोगी नमुन्यांतून त्यांनी १,१४,३०९ फरकांची यादी तयार केली आणि २०१६ मध्ये वजाबाकीच्या सॉफ्टवेअरसह ती सर्वांना मोफत खुली केली. जागतिक यादीने गाळल्यानंतरही जिभेच्या कर्करोगाच्या नमुन्यांत जे बदल उरले होते, त्यांपैकी ४२ टक्के या यादीने खोटे ठरवून वगळले. जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकीय माहितीही संशोधकांना उपलब्ध झाली.

सॉफ्टवेअर आहे, यादीही वाढते आहे. कमी पडतो तो आपला केसपेपर. रुग्णाचे वय, व्यसन, रोगाचा टप्पा, दिलेले औषध आणि त्याचा परिणाम जोडला नाही, तर जनुकांच्या माहितीवरून उपचाराबद्दल फारसे काही सांगता येत नाही. रुग्ण डोंबिवलीत तपासला जातो, शस्त्रक्रिया मुंबईत होते, पुढची मलमपट्टी कल्याणला. तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींना भेटत नाहीत.

म्हणून जिल्ह्यातील सरकारी आणि पालिका रुग्णालयांत कर्करुग्णांसाठी नोंदीचा एकच नमुना हवा. ती भरायला स्वतंत्र कर्मचारी हवा, कारण गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरकडून ते होणार नाही. रुग्णाला समजेल अशा मराठीत संमतिपत्र हवे आणि नाव गुप्त राहण्याची हमीही. यंत्रखरेदीला निधी मिळतो, तसा या कामालाही मिळायला हवा. नाहीतर आपल्या रुग्णांचे उपचार दुसऱ्यांच्या माहितीवरच ठरत राहतील.