भगताला तुरुंग, बाजाराला दंडवत

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, तेव्हा कुठे महाराष्ट्र शासनाला जादूटोणाविरोधी वटहुकूम काढण्याची जाग आली. त्याच वर्षअखेरीस कायदा झाला. गुप्तधन किंवा पाणी शोधण्याच्या निमित्ताने करणी-भानामतीचे अघोरी प्रकार करणे आता गुन्हा आहे. हे योग्यच झाले. परंतु कायदा झाला म्हणजे जादू संपली, असे मानून स्वस्थ बसलेल्या पुरोगाम्यांनी एकदा वणीच्या परिसरात येऊन पाहावे.

सप्तशृंगगडाच्या छायेतील जो द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतरच्या औषधांचे प्रमाण तोंडपाठ सांगतो, तोच बोअर घेण्यापूर्वी तळहातावर नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतो. शहरी विद्वान हसतो : 'शिकूनही अडाणीच!' हे हसणे उथळ आहे. मालिनोवस्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रिअंड बेटांवर पाहिले, की शांत खाजणात मासे धरणारा कोळी मंत्र म्हणत नाही. जिवाची आणि मिळकतीची शाश्वती नसलेल्या खुल्या समुद्रात मात्र म्हणतो. बागायतदार छाटणीला मंत्र लावीत नाही, बोअरला लावतो. जादूचे मूळ केवळ अज्ञानात नाही, ते अनिश्चिततेत आहे.

मग ही अनिश्चितता निर्माण कोण करतो? ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. नाशिक जिल्ह्यातील लिलावांत भाव घसरले, तो काही देवीचा कोप नव्हता. दिल्लीतील एका आदेशाचा तो परिणाम होता. तरीही बोलण्याची रीत अशी, की भाव 'कोसळला', बाजार 'पडला'. जणू दरडच! माणसामाणसांतील संबंध वस्तूंमधील संबंधांचे रूप घेऊन माणसाच्याच डोक्यावर बसतात, हे मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात दाखविले आणि त्याला वस्तुपूजेचे नाव दिले. करणी करणाऱ्याचे नाव गाव निदान कुजबुजते तरी. भावाची करणी करणाऱ्याचे नावही कोणी घेत नाही.

मायकेल टाउसिग यांनी १९८० च्या ग्रंथात कोलंबियातील ऊसमळ्यांची हकीकत दिली आहे. जास्त मजुरी मिळविणाऱ्याने सैतानाशी करार केला, असे तेथील मजूर म्हणत. तो पैसा वांझ, त्यातून ना जमीन घेता येते, ना जनावर. स्वतःच्या वावरात राबणाऱ्याविषयी मात्र तसे कोणी म्हणत नसे. या कथेत मजुरीच्या व्यवस्थेवरील अचूक टीका आहे, हे टाउसिग यांचे म्हणणे मान्य. परंतु त्यावरून जादूटोणा हाच गरिबांचा प्रतिकार, असे जे पंडित ठरवितात, त्यांनी नंदुरबार-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात डाकीण ठरवून छळलेल्या बाईकडे पाहावे. नुकसानीचा आरोपी शोधत निघालेली जादू सावकाराच्या माडीवर चढत नाही. ती विधवेच्या झोपडीशी थांबते. ती दुःख ओळखते, पण शत्रू चुकीचा दाखविते.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा धर्माच्या नावाने लुटणारा, सरकारी कामगार आणि सावकार यांना एकाच पुस्तकात उभे केले होते. त्यांच्या वारसदारांनी मात्र वाटणी केली : एकांनी भगत घेतला, दुसऱ्यांनी भाव, आणि दोघे एकमेकांच्या सभेला जात नाहीत.

ही वाटणी मोडली पाहिजे. बोअर घेण्याआधी शेतकऱ्याला परवडेल अशी सरकारी भूजल पाहणी, कांद्याला आजवर नाकारलेला हमीभाव, सुरगाणा-पेठेहून द्राक्षबागांत येणाऱ्या मजुराला लेखी हिशेब आणि किमान वेतन, या मागण्याही अंधश्रद्धा निर्मूलनाच्याच आहेत. भगताला तुरुंगात धाडून बाजारापुढे दंडवत घालणारा विवेकवाद अर्धा आहे. आणि अर्ध्या विवेकाच्या सावलीतच पाणाड्याचा नारळ फिरत राहतो.