कागदावरचा संघ



अमेरिकेत डिसेंबर आला की कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांत एक वाद हमखास रंगतो. ऑल-कॉन्फरन्स संघात कोण आलं आणि कोणाला डावललं?

हे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, अंगावर धडकायचं ते. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. हंगाम संपला की त्या गटातून प्रत्येक जागेसाठी सर्वोत्तम खेळाडू निवडतात. गंमत अशी, की हा संघ एकही सामना खेळत नाही. तो फक्त कागदावर असतो. तरी त्यात नाव आलं की ते खेळाडूच्या माहितीत कायमचं राहतं.

उदाहरण घेऊ २०१९च्या हंगामाचं. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये तेव्हा १४ विद्यापीठं होती. तिथे एक यादी प्रशिक्षक करतात आणि दुसरी असोसिएटेड प्रेससाठी पत्रकार करतात. प्रशिक्षकांना एक नियम आहे: आपल्या स्वतःच्या खेळाडूला मत द्यायचं नाही. म्हणजे तुमचं नाव यादीत यायचं तर ज्यांना तुम्ही हरवलंत, त्यांनीच तुम्हाला मानलं पाहिजे.

त्या वर्षी लुइझियाना स्टेटचा क्वार्टरबॅक जो बरो पहिल्या संघात आला आणि आक्रमणातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. हाच मुलगा आधी ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं राखीव होता. तिथली पदवी घेऊन तो २०१८मध्ये लुइझियानाला गेला. पहिल्या हंगामात त्याच्या पासवर १६ टचडाउन झाले, दुसऱ्या हंगामात ६०! संघ १५ पैकी १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला.

पण बरोला चेंडू फेकायला वेळ कोण देत होतं? त्याच्यासमोर भिंतीसारखे उभे राहणारे पाच जण, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. धावफलकावर यांचं नाव जवळपास कधीच येत नाही. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर डेमो देणारा सगळ्यांना दिसतो, रात्री सर्व्हर सांभाळणारा दिसत नाही. अशांसाठी जो मूर पुरस्कार आहे. तो एका खेळाडूला नाही, अख्ख्या फळीला देतात. २०१९मध्ये तो लुइझियाना स्टेटच्याच फळीला मिळाला.

त्या फळीतला सेंटर लॉइड कुशेनबेरी. या विद्यापीठात १८ नंबरची जर्सी मैदानावर आणि बाहेरही चांगलं वागणाऱ्याला मानाने देतात. पण नियमानुसार लाइनमनला ५० ते ७९मधलाच नंबर घालावा लागतो. मग काय, त्याने ७९ नंबरच्या जर्सीवर १८चा बिल्ला लावला! मान द्यायची इच्छा असली की वाट सापडते.

आणि मान मिळाल्यावर? हाइसमन ट्रॉफी घेताना बरोने आपल्या अथेन्स परिसरातल्या, शाळेतून घरी गेल्यावर पोटभर जेवण न मिळणाऱ्या मुलांची आठवण काढली. ते भाषण ऐकून लोकांनी तिथल्या अन्नपेढीला पाच लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली.

आता आपल्याकडे येऊ. गणेशोत्सवातल्या स्पर्धा, वार्षिक बक्षिसं, आपल्या मंडळातही याद्या होतातच. दोन गोष्टी सहज उचलता येतील. परीक्षकांनी आपल्या घरच्या मुलांना गुण देऊ नयेत, म्हणजे बक्षीस मिळालेल्या मुलालाही ताठ मानेनं ते मिरवता येईल. आणि एकांकिकेत पडदा ओढणाऱ्या, सतरंज्या घालणाऱ्या पोरांच्या चमूला एक बक्षीस असावं.

आणि तुमचं नाव या वर्षी कुठल्याच यादीत नसेल, तर एवढंच लक्षात ठेवा: यादी त्या एका हंगामाची असते. बरोचे तीन हंगाम राखीव खेळाडूंतच गेले होते.

तुमच्या मंडळातल्या अशा न दिसणाऱ्या लाइनमनची नावं नक्की कळवा. पुढच्या महिन्यात भेटूच!