दोष ओव्हनचा नाही

ओव्हनमध्ये मासे म्हटलं की आमच्या रत्नागिरीकडची माणसं नाक मुरडतात. तव्यावरच्या तुकडीची सर त्याला येणार नाही, हे माहेरी-सासरी दोन्हीकडे ऐकते. मला हे मान्य नाही. आपण ओव्हनला रवा फ्रायचे नियम लावतो आणि मासा पांढराफटक, गिच्च झाला की खापर ओव्हनवर फोडतो.

तव्यावर रव्याला गरम तेल थेट भिडतं, म्हणून तो झटकन तांबूस होतो. ओव्हनमधली हवा तेवढी उष्णता पोचवत नाही. त्यात मसाल्याचा ओला लेप असला की वरचा थर पाणी आटेपर्यंत शंभर अंशांच्या आसपासच रेंगाळतो. रंग येईतो आतला मासा पार कोरडा पडतो.

म्हणून पावाचा चुरा आधीच कढईत थोड्या तेलावर बदामी परतून घ्यावा. शिळा लादीपाव वाळवून मिक्सरवर जाडसर फिरवला की विकतच्या भुकटीपेक्षा कितीतरी सरस चुरा होतो. तुकड्यांना मीठ, हळद, आगळ लावायचं आणि १५ मिनिटांनी सुटलेलं पाणी फडक्याने नीट टिपायचं. ही पायरी कुणीही गाळू नये. मग मैदा, मग लसूण आणि मालवणी मसाला घालून फेटलेलं अंडं, मग चुरा हाताने दाबून. ट्रेमध्ये जाळी ठेवून तिच्यावर मासा मांडला की खालूनही हवा लागते. २२० अंशांवर दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकडीला १२ ते १५ मिनिटं पुरतात.

मासा मात्र निवडून घ्यावा. रावस, घोळ, जिताडा यांच्या जाड तुकड्या उत्तम. बोंबलात मुळात पाणीच फार, त्याची जागा तव्यावरच. बांगड्याला स्वतःचं तेल असतं, त्याला चुऱ्याचा अंगरखा कशाला?

हे मी पोटतिडकीने लिहिते, कारण हृदयविकारानंतर बाबांचं तळण बंद झालं आणि मासळीवरून त्यांचं मनच उडालं. जन्मभर मासे खाल्लेल्या माणसापुढे रोज उकडलेला तुकडा ठेवणं मला क्रूर वाटतं. चुऱ्यातला रावस ते आवडीने खातात. अशी माणसं घरोघरी आहेत.

त्यांच्यासाठी गोठवलेली पाकिटं आणणाऱ्यांनी मागची बाजू वाचावी. चुरा लावलेले त्यातले बरेच मासे कारखान्यातच एकदा तेलातून काढलेले असतात, नंतर ओव्हनमध्ये ठेवले तरी ते तेल जात नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ही पाकिटं हमखास घरात शिरतात. त्या दोन महिन्यांत सुकटीची चटणी करा, भाजी-आमटी करा, पण थांबा.

नारळी पौर्णिमेनंतर रावस चांगला येऊ लागला की कोळीणमावशींकडून कातडी-काटे काढून जाड तुकड्या करून घ्या, आणि मासा आत सारण्याआधी ओव्हन पूर्ण तापू द्या.