गेम मोबाईलमध्ये, परिणाम शरीरावर



केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा जवळ आल्या होत्या. खो-खोचा संघ निवडायचा म्हणून मी सातवीच्या मुलांना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. आमची शाळा पाथर्डी तालुक्यातली. माळरानावर वाढलेली ही मुलं काटक असणार, असा माझा समज होता. पण दुसऱ्याच फेरीत पाच-सहा जण कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि एक जण तर खालीच बसला.

"काय रे, जेवला नाहीस का?"

"जेवलो सर. झोप नाही झाली."

बाकीची पोरं हसली. "सर, तो रात्री एक वाजेपर्यंत गेम खेळतो!"

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी. ती म्हणाली, "गुरुजी, मोबाईल काढून घेतला तर पोरगं रडतंय. त्याच्यातच त्याची आई दिसती ना." मी मोबाईलवर भाषण द्यायच्या तयारीने गेलो होतो. गप्प बसलो.

व्हिडिओ गेमने मुलं बिघडतात, असं आपण सरसकट म्हणतो. मला आज फक्त शरीराबद्दल लिहायचं आहे. शरीराचं नुकसान हळूहळू होतं, त्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही.

डोळे

स्क्रीनकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो. मग डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोकं दुखतं. याहून मोठा प्रश्न लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचं न दिसण्याचा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर ३ वर्षे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. १२ पैकी ६ शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. ३ वर्षांनी त्या शाळांत साधारण ३० टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली होती, तर उरलेल्या शाळांत साधारण ४० टक्के मुलांना. औषध नाही की यंत्र नाही, फक्त उजेडातली ४० मिनिटं! आपल्या जिल्ह्यात उन्हाला काही तोटा नाही, पण त्या उन्हात मुलं किती वेळ असतात?

मान, पाठ आणि अंगठा

माणसाचं डोकं साधारण ४ ते ५ किलोचं. मान खूप खाली वाकवली की मणक्यावरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. ६० अंशांत वाकवल्यास तो सुमारे २७ किलोंपर्यंत जातो, असा हिशेब एका मणक्याच्या शल्यविशारदाने २०१४ मध्ये मांडला होता. म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त! अंगठ्याचं दुखणंही नवं नाही. मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी, १९९० मध्येच, अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी व्हिडिओ गेमचं बटण सतत दाबून अंगठ्याचा स्नायुबंध दुखावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. तुमच्या वर्गात कोणी लिहिताना मध्येच हात झटकत असेल, तर अक्षरावरून रागावण्याआधी अंगठा दुखतो का, ते विचारा.

झोप आणि वजन

६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. रात्री एकला झोपलेलं मूल सहाला उठलं, तर पाचच तास झोप झाली. ते परिपाठात डुलक्या देतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो! शिवाय गेम खेळताना हात पाकिटातल्या कुरकुऱ्यांकडे जातोच. किती खाल्लं, हे मुलाला कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी. माझ्या त्या मुलाची हालचाल घर ते शाळा, एवढीच होती.

गेमची दुसरी बाजू

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या शल्यविशारदांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात इतरांपेक्षा ३७ टक्के कमी चुका केल्या. हात आणि डोळा यांचा मेळ गेममुळे सुधारू शकतो. तसंच, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंगचा विकार असला, तरी गेम खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. नुकसान होत असूनही महिनोन्महिने खेळणं थांबवता येत नसेल, तर ती डॉक्टरांकडे जाण्याची वेळ. म्हणून माझं भांडण गेमशी नाही. झोप, ऊन आणि धावणं यांच्या वाट्याचा वेळ गेम खातो, त्याच्याशी आहे.

आपला वाटा

आता थोडं कडू बोलतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा "मुलाला मोबाईल घ्या, अभ्यास येईल" असं पालकांना आपणच सांगितलं. तेव्हा ती गरज होती. शाळा उघडल्या, पण मोबाईल काही परत गेला नाही. आजही आपण गृहपाठ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि मूल "सरांनी अभ्यास पाठवलाय" म्हणून मोबाईल मागतं. अभ्यास दहा मिनिटांत संपतो, मोबाईल मात्र हातातच राहतो. दुसरीकडे, परीक्षा आली की शारीरिक शिक्षणाचा तास आपण गणिताला देऊन टाकतो. मीही दिला आहे. मग मुलं खेळत नाहीत, म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

पालकांनीही पाहावं. आपण स्वतः जेवताना मोबाईल बघत असू, तर मूल आपलं ऐकणार नाही, आपल्याला बघूनच शिकणार.

काय करता येईल?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक वाट दाखवली. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद ठेवायचे. गावाने मिळून ठरवलं, म्हणून ते जमलं. एकट्या आईने ठरवलं असतं, तर शेजारचा मोबाईल होताच! प्रत्येक गावाला भोंगा जमेलच असं नाही, पण एवढं जमेल:

१. गृहपाठ फळ्यावरून वहीत. मोबाईल लागेल असा अभ्यास अगदी अपवाद म्हणून.

२. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देणार नाही, असा मुख्याध्यापकांसह सर्वांचा निर्णय.

३. रात्री मोबाईल मुलाच्या उशाशी नको. चार्जिंगची जागा मोठ्यांच्या खोलीत.

४. दर वीस मिनिटांनी नजर लांबच्या झाडाकडे. मान वर, हात मोकळे.

५. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, खो-खो पुन्हा सुरू. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. हे मुलांना जरूर सांगा.

त्या मुलाचं काय झालं? त्याच्या आईशी मी फोनवर बोललो. तिने कोपीवरून त्याला एवढंच सांगितलं, "माझ्याशी बोलून झालं की फोन आजीपाशी द्यायचा." पहिले काही दिवस कुरकुर झाली. मार्चमध्ये तो चारही फेऱ्या पूर्ण करू लागला. तिसऱ्या फेरीला अजून धाप लागते, पण बसत नाही. अधूनमधून गेमही खेळतो. तेवढं चालेल.

उद्या शाळेत गेल्यावर वेळापत्रक जरूर पाहा. खेळाचा तास आहे का, आणि त्या तासाला मुलं खरंच मैदानावर असतात का? सुरुवात तिथूनच करू या.