वास येतो म्हणजे गळती आहे

खाजनातल्या शेतावर जाण्यायेण्यासाठी, भाताची पोती व नारळ पलीकडे नेण्यासाठी नदीकाठच्या अनेक घरांत इंजिनाची होडी असते. होडीत पेट्रोलचा वास आला की आपण म्हणतो, "इंजिन म्हटले की वास हा यायचाच." आमचे मत अगदी उलट आहे. डबा, नळी आणि इंजिन धड असेल तर वास रेंगाळत नाही. रेंगाळला, तर कुठेतरी गळती आहे असे खुशाल समजावे.

ही चूक आम्हीही केलेली आहे. एकदा चार दिवस वास येत होता. भरताना सांडले असेल, असे म्हणून आम्ही कामाला लागलो. पाचव्या दिवशी पोते उचलताना हाताला ओल लागली. पाहतो तो रबरी नळी क्लिपेजवळ चिरलेली! त्या चार दिवसांत होडीत मुले बसली होती आणि एक गडी बिडी ओढीत होता. आठवले की आजही अंगावर काटा येतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. उघड्या जमिनीवर ती वाऱ्याने उडून जाते. होडीत मात्र फळ्यांखाली, तळाशी साचून राहते. हवेत दीडेक टक्का वाफ मिसळली तरी एक ठिणगी पुरे होते. शिवाय नाक थोड्याच वेळात वासाला सरावते. तेव्हा 'आता वास येत नाही' यावर विसंबू नये. डोके दुखणे, भोवळ येणे हीही त्याच वाफेची लक्षणे होत.

म्हणून वास आला की इंजिनाची दोरी ओढू नये. प्रथम माणसे उतरवावीत, काडी-बिडी दूर ठेवावी. फळ्या काढून वारा खेळू द्यावा, तळ फडक्याने कोरडा करावा आणि ते फडके किनाऱ्यावर उघड्यावर वाळवावे. मग डब्याचे झाकण, नळी व क्लिपा तपासाव्यात. डबा नेहमी होडीबाहेर, जमिनीवर ठेवूनच भरावा व वर थोडी जागा सोडावी. आता पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याने जुने रबर लवकर खराब होऊ शकते. यास्तव जुनी नळी वेळीच बदलावी.

पेट्रोल वा रॉकेल तोंडाने ओढून काढू नये, सरबताच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नये. मुलाने चुकून प्यायले तर त्याला ओकारी काढायला लावू नये. ते फुप्फुसात जाते. तडक इस्पितळ गाठावे. पेट्रोल पेटले तर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. कोरड्या वाळूची बादली किंवा पावडरचे अग्निशामक होडीत असावे.

नळीचा खर्च सुगीनंतर पाहू, असे कोणी म्हणेल. त्यांना आमचे एवढेच सांगणे: सुगीची पोती आणि घरची माणसे त्याच होडीतून यायची आहेत.