नोटा दोन चालतील, दर दोन नको! क्युबाची गोष्ट आणि तुमची हिशोबाची वही



आजचा विषय जरा लांबचा वाटेल. कॅरिबियन समुद्रातलं क्युबा नावाचं बेट आणि तिथल्या पैशाचा इतिहास. तुम्ही म्हणाल, "सर, आम्हाला मसाल्याचा धंदा करायचाय, क्युबाशी आमचा काय संबंध?" शेवटपर्यंत वाचा. जी चूक तिथल्या सरकारने पंचवीसेक वर्षं केली, तीच अनेक छोट्या धंद्यांच्या वहीत रोज होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडा इतिहास

क्युबा स्पेनच्या ताब्यात होता, तेव्हा आणि नंतरही काही वर्षं बाजारात स्पॅनिश, फ्रेंच, अमेरिकन अशी सगळी नाणी फिरायची. 1914 मध्ये कायदा झाला आणि 1915 मध्ये क्युबाची स्वतःची पेसोची नाणी आली. पेसोची किंमत ठेवली अमेरिकन डॉलरच्या बरोबरीची. पुढे अनेक दशकं डॉलर आणि पेसो बाजारात शेजारी शेजारी चालले. म्हणजे नोटा दोन, पण दर एकच. त्यामुळे हिशोबाचा गोंधळ नव्हता.

1959 मध्ये क्रांती झाली. चे गेव्हारा राष्ट्रीय बँकेचे प्रमुख झाले आणि नोटांवर त्यांनी सही केली नुसती "चे" अशी! ऑगस्ट 1961 मध्ये सरकारने अचानक जुन्या नोटा बाद करून नव्या दिल्या. नोटबंदी म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

खरी कसोटी आली 1991 नंतर. क्युबाचा मोठा आधार असलेला सोव्हिएत संघ कोसळला. तेल आटलं, आयात आटली, दोन-तीन वर्षांत अर्थव्यवस्था जवळजवळ एक तृतीयांशाने आकसली. शेवटी 1993 मध्ये सरकारने लोकांना डॉलर बाळगायची परवानगी दिली. 1994 मध्ये एक नवं चलन आलं, परिवर्तनीय पेसो, म्हणजे सीयूसी. त्याची किंमत डॉलरएवढी. जुना साधा पेसोही चालूच राहिला.

आता पगार साध्या पेसोत. बसचं तिकीट, रेशन, भाजी साध्या पेसोत. पण तेल, साबण, चांगले कपडे हवे असतील, तर बहुतेक वेळा सीयूसीच्या दुकानात जायचं. या सरकारी दुकानांचं नावच होतं "परकीय चलन वसुलीची दुकानं". मला हे नाव फार प्रामाणिक वाटतं!

सामान्य माणसाला एका सीयूसीसाठी 25 साधे पेसो मोजावे लागायचे. 2010 च्या सुमारास सरासरी सरकारी पगार महिन्याला साधारण 450 पेसो होता, म्हणजे फार तर 18 सीयूसी. त्यामुळे डॉक्टर-शिक्षकांपेक्षा हॉटेलात टिप मिळवणारा वेटर जास्त कमवू लागला. शिकलेली माणसं टॅक्सी चालवू लागली.

खरा घोटाळा वहीत होता

लोकांसाठी दर 24-25 चा. पण सरकारी कंपन्यांच्या हिशोबात दर काय? एकास एक! एक डॉलर म्हणजे एक पेसो.

याचा परिणाम बघा. समजा, एका सरकारी कारखान्याने एक लाख डॉलरचं यंत्र बाहेरून आणलं. वहीत खर्च पडला फक्त एक लाख पेसो. लोकांच्या दराने तोच खर्च 24 लाखांच्या घरात जातो. म्हणजे आयात करणारा कागदावर नफ्यात! आणि माल परदेशात विकून एक लाख डॉलर कमावणाऱ्या कारखान्याच्या वहीत जमा किती? तेही फक्त एक लाख पेसो. तो कागदावर तोट्यात!

देशासाठी कमावणारा नापास आणि देशाचे डॉलर खर्च करणारा पास. कुठला कारखाना चालवायचा आणि कुठला बंद करायचा, हे वही बघून कुणालाच कळेना.

हे सगळं मूर्खपणातून झालं, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेचे निर्बंध होते, मित्रदेश बुडाला होता, लोकांना स्वस्त धान्य आणि काम द्यायचं होतं. आणीबाणीत केलेली सोय समजू शकते. पण आणीबाणीची सोय पंचवीस वर्षं चालली की ती सवय होते.

1 जानेवारी 2021 ला सरकारने अखेर हिशोब सरळ करायला घेतला. सीयूसी बंद, सगळ्यांना एकच दर, डॉलरला 24 पेसो. पण वेळ कोणती? कोरोनाची. पर्यटक नाहीत, डॉलर नाहीत, दुकानात माल नाही. त्या वर्षी सरकारी आकड्यानुसारच महागाई 77 टक्क्यांच्या आसपास गेली. 2024 मध्ये रस्त्यावर एका डॉलरला 300 पेसोंच्या वर मोजावे लागत होते. वर डॉलरच्या कार्डावर चालणारी वेगळी दुकानं आधीच उघडली होती. म्हणजे दुहेरी व्यवस्था मागच्या दाराने परत आत!

त्याच 2021 मध्ये क्युबाने 100 कामगारांपर्यंतच्या खाजगी लघुउद्योगांना परवानगी दिली. आज त्यातले अनेक जण माल आणतात डॉलरमध्ये आणि विकतात पेसोत. त्यांना रोज सकाळी खरा दर बघूनच किंमत ठरवावी लागते. कागदावरच्या दराने विकलं, तर पुढचा माल आणायला पैसेच उरणार नाहीत.

आता तुमची वही उघडा

एक उदाहरण घेऊ. घरगुती मसाल्याचा धंदा. महिन्याची विक्री 60,000. कच्चा माल 32,000, पॅकिंग आणि पोचवणं 8,000. उरले 20,000. "सर, धंदा मस्त चाललाय!"

थांबा. रोज सहा तास तुम्ही स्वतः राबता, त्याचे किती धरले? शून्य. घरातली एक खोली मालाने भरली आहे, तिचं भाडं? शून्य. भावाचा टेम्पो? "घरचाच आहे." मिक्सर-गिरणीचं वीजबिल? घरच्या बिलात गेलं. आता बाजारभावाने लावा: मेहनत 12,000, खोली 5,000, टेम्पो 3,000, वीज 2,000. झाले 22,000. म्हणजे धंदा 2,000 रुपये तोट्यात आहे!

हाच तुमचा एकास एकचा दर. घरच्या गोष्टींना वहीत एक दर आणि बाजारात दुसरा. भाऊ नोकरीला लागला, टेम्पो बंद झाला, की तुमचा 2021 चा जानेवारी उगवतो.

काही जण म्हणतील, सुरुवातीला घरच्यांची मदत घ्यायचीच नाही का? जरूर घ्या! त्याशिवाय आपल्यासारख्यांचे धंदे उभेच राहत नाहीत. पैसे आज द्यायलाच हवेत, असंही नाही. पण वहीत खऱ्या दराने लिहा. मदत ही मदत म्हणून दिसू दे, नफा म्हणून नको.

या आठवड्याचं काम

1. धंद्यात फुकट वापरत असलेल्या सगळ्या गोष्टींची यादी करा. स्वतःची मेहनत सगळ्यात वर.
2. प्रत्येकीसमोर बाजारभाव लिहा. चौकशी करून, अंदाजाने नाही.
3. तो खर्च धरून नफा पुन्हा काढा. तोटा दिसला तर घाबरू नका. किंमत थोडी थोडी वाढवा, खर्च कापा किंवा माल बदला. हे हातात वेळ आहे तोवर करा, संकट दारात आल्यावर नाही.

क्युबाच्या कारखान्यांना तोटा 2021 मध्ये झाला नाही. तो आधीपासून होतच होता, 2021 मध्ये फक्त दिसला. तुमचा आजच दिसू दे.

यादीत सगळ्यात मोठा आकडा कशाचा निघाला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!